मागच्या काचेवरच्या रेषा

मोटारीच्या मागच्या काचेवर बारीक आडव्या रेषा असतात. त्या काच तापवतात. पालघर-बोईसरकडे थंडी ती किती! मग ही सोय आपल्या काय कामाची, असे विद्यार्थी विचारतील. पण येथे प्रश्न बर्फाचा नसून दवाचा आहे, आणि दवाला आपला पावसाळा पुरतो.

30 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे 30 ग्रॅम बाष्प मावते. 20 अंशांना जेमतेम 17. जुलैत तारापूरच्या कारखान्यातून पाळी संपवून चौघे ओल्या कपड्यांनी गाडीत बसले, की पावसाने गार झालेल्या काचेवर आतून दव धरते. मागून येणारा ट्रक दिसेनासा होतो. रेषांतून 12 व्होल्टला 12 अँपिअर प्रवाह गेला, तर 144 वॅट उष्णता मिळते. काचेचे तापमान दवबिंदूच्या वर जाते व दव विरते. काही गाड्यांत बाजूच्या आरशांमागेही असाच तापक असतो.

पुढच्या काचेला सहसा रेषा नसतात. तेथे गाडी थांबवून आपण बोट फिरवून पाहावे. दव आतून असेल, तर वातानुकूलन यंत्राची कोरडी हवा काचेवर सोडावी. बाहेरून असेल, तर त्याच यंत्राने काच फाजील गार केली आहे. झोत काचेवरून हटवावा, वायपर फिरवावा.

वर्गात स्टीलच्या पेल्यातील पाण्यात थोडाथोडा बर्फ टाकत ढवळावे. बाहेरून पहिले दव दिसताच तापमापी वाचावी: तोच त्या दिवशीचा दवबिंदू.