जेंटामायसिन : गुण आणि दोष एकाच सुईतून

‘साइड इफेक्ट’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. जणू औषधाचं खरं काम एक, आणि बाजूला सांडलं ते दुसरं. आम्ही जन्मभर कार्यकारणभाव शिकवला, डॉक्टरी नव्हे. तरी या शब्दाबद्दल आमच्या मनात शंका आहे. जेंटामायसिनचं उदाहरण घेऊ.

हे प्रतिजैविक १९६३ साली जगापुढे आलं. आतड्यातून ते जवळजवळ शोषलंच जात नाही, म्हणून गंभीर जंतुसंसर्गात शिरेतून किंवा स्नायूत टोचतात. जिवाणूच्या पेशीत प्रथिनं बनवणारा जो कारखाना, रायबोसोम, त्याला ते चिकटतं. प्रथिनं चुकीची बनू लागतात नि जिवाणू मरतो. पुढे ते मूत्रपिंडावाटे जसंच्या तसं बाहेर पडतं. पण जाता जाता थोडं मूत्रपिंडाच्या पेशींत साठतं, थोडं अंतर्कर्णात.

मूत्रपिंडाचं नुकसान बहुधा भरून येतं. आठवडाभरात क्रिएटिनिन चढू लागलं आणि औषध वेळीच थांबवलं, तर ते हळूहळू उतरतं. कानाचं तसं नाही. तिथल्या रोमपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यातही जेंटामायसिनचा मारा ऐकण्यापेक्षा तोलावर जास्त. चालताना समोरच्या पाट्या हलताना दिसतात, अंधारात पाय अडखळतो. घरचे म्हणतात, आजारपणाचा अशक्तपणा आहे, जाईल! हा त्रास कधी कधी इंजेक्शनं संपल्यावर सुरू होतो, त्यामुळे कारणाकडे लक्षच जात नाही.

आता दुसऱ्या औषधांची संगत. नैयायिक म्हणतात, बीज हे अंकुराचं कारण खरं, पण माती-पाणी ही सहकारी कारणं. लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड सोबत असेल तर कानाचा धोका वाढतो. व्हँकोमायसिन, अँफोटेरिसिन, नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या, ही मूत्रपिंडावरचा भार वाढवतात. शस्त्रक्रियेत स्नायू सैल करणारी औषधं दिली असतील तर श्वास मंदावू शकतो. भूलतज्ज्ञाला म्हणूनच हे ठाऊक असावं लागतं.

आमच्या शंकेचं मूळ मात्र पुढे आहे. आपल्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रिया मुळात जिवाणूंच्याच वंशातल्या, आणि त्यांचेही रायबोसोम असतात. काही माणसांत त्यांच्या जनुकात १५५५ क्रमांकाच्या जागी एका अक्षराचा बदल असतो. त्यामुळे तो रायबोसोम जिवाणूच्या रायबोसोमसारखा दिसू लागतो. औषध तिथेही चिकटतं, अगदी तेच काम करतं, नि योग्य मात्रेतही माणूस बहिरा होऊ शकतो. आता यात मुख्य परिणाम कोणता आणि बाजूचा कोणता? औषधाच्या लेखी दोन्ही एकच!

हा बदल आईकडूनच येतो. तेव्हा आई, मावशी, मामा, आजी यांपैकी कुणाला अशा इंजेक्शनानंतर बहिरेपण आलं असेल, तर ते डॉक्टरांना सुई टोचण्याआधी सांगा.