विषाणू दबला, चरबी चढली

सहा महिन्यांतून एक इंजेक्शन घ्या आणि एचआयव्हीची लागण टाळा, ही लेनाकापाविरची बातमी एव्हाना सगळ्यांनी वाचली आहे. डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या हैदराबादच्या दोन कंपन्या २०२७ पासून ते वर्षाला ४० डॉलरमध्ये पुरवणार, हेही छापून आले. एक डिसेंबरचा जागतिक एड्स दिन आला की लाल फितीचे फोटो निघतात, आकडेवारी निघते. पण लागण होऊन वीस वर्षे झालेला, रोज न चुकता गोळी घेत पन्नाशी ओलांडलेला माणूस बातमीत नसतो. त्याच्या रक्तातला विषाणू आता तपासणीत सापडत नाही. ट्रायग्लिसराइड ही चरबी मात्र सापडते, आणि भरपूर सापडते.

या विषयाचा एक धागा पाचगणीत आहे. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये इथे क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम काढले, तेच आजचे बेल-एअर रुग्णालय. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. त्या जमान्यातल्या सॅनेटोरियमांचा उपचार म्हणजे डोंगरावरची हवा, सक्तीची विश्रांती आणि दूध, अंडी, लोणी. वजनकाटा वर सरकला की रोगी सुधारला असे मानत. पुढे हे रुग्णालय रेड क्रॉसकडे गेले आणि नव्वदच्या दशकात तिथे एचआयव्हीचे रुग्ण येऊ लागले. सातारा आणि सांगली हे तेव्हा राज्यातले जास्त लागणीचे जिल्हे होते. रोग नवा, पण काट्याकडे बघण्याची नजर जुनीच. हाडांचा सापळा झालेल्या माणसाला कुणी ‘तूप कमी खा’ असे सांगेल कसे? गावात तर गाल बसले की कुजबुज सुरू व्हायची, म्हणून अंगावर मांस असणे ही अब्रूचीही बाब होती.

आणि गाल बसवायला औषधानेही हातभार लावला. १ एप्रिल २००४ पासून सरकारने एआरटीच्या (विषाणूला दाबणाऱ्या औषधांच्या) गोळ्या मोफत द्यायला सुरुवात केली, तेव्हाच्या मिश्रणात स्टॅव्हुडीन असे. या औषधाने असंख्य जीव वाचवले, हे आधी मान्य करायला हवे. पण वर्ष-दोन वर्षांत ते गालांची आणि हातापायांची चरबी खाऊन टाकी आणि रक्तातली चरबी वाढवी. पुढे ते टप्प्याटप्प्याने बंद झाले. त्याच्या जागी आलेल्या गोळीतले एफाव्हिरेन्झ कोलेस्टेरॉल थोडे चढवते. औषधांची पहिली फळी निकामी झालेल्यांना मिळणारे लोपिनाविर-रिटोनाविर ट्रायग्लिसराइड चांगलेच चढवते. सध्याचे डोल्युटेग्राविर रक्तातल्या चरबीला फारसा धक्का लावत नाही, पण अनेकांचे वजन वाढवते. गंमत म्हणजे, जुने स्वस्त टेनोफोविर कोलेस्टेरॉल किंचित खाली ठेवते. त्याच औषधाचा मूत्रपिंड-हाडांना सौम्य असलेला नवा अवतार घेतला की रिपोर्टमधला आकडा वर जातो.

सगळा दोष गोळ्यांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे ठरेल. उपचाराविना विषाणू स्वतःच चांगले कोलेस्टेरॉल पाडतो आणि ट्रायग्लिसराइड वाढवतो. औषधाने तो दबला तरी शरीरातली धुमसती सूज पूर्ण विझत नाही, आणि तीच रक्तवाहिन्यांच्या भिंती खराब करते. म्हणून ‘कोलेस्टेरॉल वाढले, गोळ्या थांबवू या’ हा विचार घातक. स्मार्ट या मोठ्या चाचणीत सीडी-फोर या प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या पाहून औषधे मधूनमधून थांबवण्यात आली होती. थांबवलेल्या गटात मृत्यू जास्त झाले, हृदयविकारही जास्त झाले. २००६ मध्ये हे निकाल आले, तेव्हापासून तो वाद मिटला आहे.

मग करायचे काय? याचे उत्तर ज्याने शोधले तो हृदयरोगतज्ज्ञ नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे स्टीव्हन ग्रिन्सपून हे अंतःस्रावी ग्रंथींचे डॉक्टर. एचआयव्ही रुग्णांचे पोट का सुटते, चरबी कुठून कुठे जाते, याच्या मागे हा माणूस वर्षानुवर्षे लागला. त्यांच्या नेतृत्वाखालच्या ‘रिप्रीव्ह’ चाचणीत भारतासह १२ देशांतले ७,७६९ लोक होते, वय ४० ते ७५. प्रश्न धाडसी होता: ज्यांचे वाईट कोलेस्टेरॉल साधारण १०८ आहे, म्हणजे ज्यांना एरवी कुठलाही डॉक्टर ‘ठीक आहे, या आता’ म्हणेल, त्यांना कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन दिले तर? अर्ध्यांना रोज पिटाव्हास्टॅटिन, अर्ध्यांना खोटी गोळी. २०२३ मध्ये देखरेख समितीने चाचणी मुदतीआधीच थांबवली, कारण फरक स्पष्ट दिसत होता. हृदयविकार, पक्षाघात अशा मोठ्या घटना ३५ टक्क्यांनी कमी.

बातम्यांच्या मथळ्यांतल्या ३५ टक्क्यांची दुसरी बाजूही पाहावी. पाच वर्षांत एकाची अशी घटना टाळायला शंभरावर माणसांना रोज गोळी द्यावी लागते. गोळी घेणाऱ्यांत मधुमेह आणि स्नायूदुखी थोडी जास्त आढळली. चाचणीचा खर्च मुख्यतः अमेरिकी सरकारचा असला, तरी पिटाव्हास्टॅटिनवाल्या कोवा कंपनीचाही त्यात हात होता. एवढे गृहीत धरूनही पुरावा भक्कमच वाटतो. अमेरिकेने २०२४ मध्ये चाळिशीपुढच्या एचआयव्हीबाधितांसाठी स्टॅटिनची शिफारस केली. आपल्याकडे स्टॅटिन काही दुर्मीळ नाहीत, जेनेरिकमध्ये स्वस्तात मिळतात. अडचण किमतीपेक्षा खिडकीची आहे: विषाणूची गोळी एका खिडकीवर, हृदयाची दुसऱ्या.

ही दुसरी खिडकी बहुधा गावातल्या खासगी डॉक्टरची असते आणि तिथे एचआयव्हीचे नाव काढले जात नाही. रिटोनाविर घेणाऱ्याला अजाणतेपणी सिम्व्हास्टॅटिन लिहून दिले, तर ते रक्तात कितीतरी पट साचते, स्नायू विरघळू लागतात, मूत्रपिंडावर बेतते. ही जोडी सरळ वर्ज्य आहे. अॅटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन बेताच्या डोसात चालतात. २०१७ चा एचआयव्ही कायदा गोपनीयतेची हमी देतो, पण त्या हमीवर विसंबून डॉक्टरला सगळ्या गोळ्या दाखवणारे थोडेच.

पथ्याचे सल्लेही इथल्या जिभेला धरून द्यायला हवेत. पेढे आणि दारू ट्रायग्लिसराइडला थेट खतपाणी घालतात. तंबाखू त्याहून वाईट, आणि त्यात सातारा-सांगलीकडच्या बायकांची मिश्रीही आली. तिच्याबद्दल सहसा कुणी विचारतच नाही.

एक अडथळा तर आजच दूर करता येईल. ‘उपाशीपोटी या’ म्हटले की वाईहून, महाबळेश्वरच्या खोऱ्यातून एसटीने साताऱ्याला येणारा माणूस तपासणी पुढच्या महिन्यावर ढकलतो. कोलेस्टेरॉलच्या पहिल्या चाचणीला उपास लागत नाही. व्हायरल लोडसाठी (रक्तातला विषाणू मोजायला) टोचलेल्या त्याच सुईतून आणखी एक नळी भरून घेता येते, आणि ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर निघाले तरच उपाशी बोलवावे लागते.