दारूला शिवले नाहीत, तरी लिव्हर गेले

मैत्रिणींनो, फलटणला नणंदेकडे गेले की रामाचे दर्शन घेतल्याशिवाय निघायचे नाही, हा आमचा शिरस्ता. या खेपेला मात्र वन्सं देवळात येईनात. "नको वहिनी, बायका बघतात," म्हणाल्या. यजमान जाऊन वर्षही झाले नव्हते. यकृताचा कर्करोग. सुपारीच्या खांडाचेही व्यसन नसलेला माणूस, पण आळीत कुजबुज अशी की, "चोरून घेत असणार. त्याशिवाय का लिव्हर जाते?" नवरा गेला तो गेला, वर ही बेअब्रू!

दारूने यकृत बिघडते हे खरेच, पण कावीळ ब आणि क यांचे विषाणूही तिथे वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतात. मधुमेह आणि सुटलेले पोट असले की यकृतात चरबी साचते. वन्संच्या यजमानांना पंधरा वर्षे साखर होती. सोनोग्राफीत चरबी निघालीही होती, पण दुखत नाही म्हटल्यावर तो कागद कपाटात गेला. दुखणार कसे? यकृताच्या आतल्या भागाला वेदनाच कळत नाहीत.

कारण कोणतेही असो, पुढची वाट बहुधा दाहाची. बोट कापले की लाल होते, सुजते आणि चार दिवसांत भरते. यकृतात इजा रोजचीच, म्हणून दाह विझत नाही, राखेखालच्या विस्तवासारखा धुमसतो. तिथल्या पहारेकरी पेशी, म्हणजे कुप्फर पेशी, रासायनिक सांगावे धाडतात. टीएनएफ हा सांगावा पोचला की एनएफ-कप्पा-बी नावाचे प्रथिन कुलपातून सुटते, पेशीच्या केंद्रकात शिरते आणि 'मरू नका, तगा' असा हुकूम सोडते. (हे प्रथिन रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये शोधले.) इंटरल्यूकिन-६ हा दुसरा सांगावा स्टॅट-३ ला जागे करून पेशींना वाढायला लावतो. जखम भरायला हे हवेच. पण वर्षानुवर्षे पेशी मरत राहिल्या आणि नव्या घाईने होत राहिल्या, तर जनुकांच्या नकलेत चुका होतात, आणि चुकलेली पेशीही त्याच हुकुमावर जगते.

हा रोग पुरुषांत बायकांच्या दुपटीतिपटीने दिसतो. व्यसने हे एक कारण, पण २००७ मध्ये अमेरिकेत उंदरांवरच्या प्रयोगांत आणखी एक कळले: स्त्रीचे इस्ट्रोजेन कुप्फर पेशींच्या इंटरल्यूकिन-६ ला आवर घालते. पाळी गेली की इस्ट्रोजेन उतरते, तेव्हा पन्नाशीच्या मैत्रिणींनी गाफील राहू नये.

मग दाह मारणारी गोळीच घ्यावी? इतके सोपे नाही. एका जातीच्या उंदरांत एनएफ-कप्पा-बी अडवल्यावर गाठी थांबल्या, दुसऱ्या प्रयोगात उलट वाढल्या. आणि हळद म्हणाल तर भाजीतली चिमूट वेगळी आणि बाजारातल्या तिच्या अर्काच्या गोळ्या वेगळ्या. त्या गोळ्यांनीच यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत!

आपल्या हातातले सांगते. नव्या बाळाला कावीळ ब ची लस चोवीस तासांच्या आत टोचून घ्या. जन्मतःच लागण झाली तर दहांपैकी नऊ बाळांत हा विषाणू कायमचा राहतो. तैवानने १९८४ पासून बाळांना ही लस दिली आणि तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला. घरात कुणाला ब किंवा क असेल तर सगळ्यांचे रक्त तपासा. क वर आता गोळ्यांनी बरे करणारे औषध आहे. बुरशी धरलेले शेंगदाणे कूट करून खपवू नका. त्यातले अफ्लाटॉक्सिन भाजूनही पुरते जात नाही, आणि कावीळ ब असलेल्याला तर ते फारच घातक.

वन्संनी कपाटातला कागद काढून भाच्याच्या हाती दिला. पोट त्याचेही सुटलेले. सोमवारी तपासणी झाली. चरबी आहे, यकृत निबर झालेले नाही. वजन दहा टक्के उतरवायचे आहे. परतताना शेजारच्या काकूंनी विचारलेच, "काय गं, कुणाला काय झालंय?" वन्संनी ओट्यावर उभे राहून सगळे सांगितले, साखरेपासून सोनोग्राफीपर्यंत. मग आम्ही दोघी रामाला जाऊन आलो.