साडेतीन शिलिंगांचं पाणी

सकाळचे साडेसात वाजलेत आणि नळाची पाठ आत्ताच तापली आहे. खालून, पोटाकडून हात घातला की मात्र पोलाद गार लागतं. रस्त्याच्या कडेकडेनं, ठरावीक अंतरावरच्या ओट्यांवर टेकत टेकत हा जाड नळ लाल मातीतून पूर्वेकडं निघून गेला आहे. दोन्ही बाजूंना खुरटी झाडी आहे. ओढा नाही, विहीर नाही, साधं डबकंही दिसत नाही.

"कान लाव मावशी, वाहतंय आत," भाचा म्हणतो.

मी कान लावते. काही ऐकू येत नाही, पण हात काढवत नाही. हे पाणी पर्थजवळच्या मुंडारिंग धरणातून निघालंय. सुमारे 530 किलोमीटर येऊन ते कालगुर्लीला पोचतं, आणि वाटेत साडेतीनशे मीटरहून जास्त चढ चढतं. मी लातूरची. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, तेव्हा मी लातुरातच होते. पाणी भरण्याच्या जागी जमावबंदी लागलेली मी पाहिली आहे. म्हणून ऑस्ट्रेलियात भाच्याकडं आल्यावर समुद्रकिनाऱ्याआधी मला हा नळ बघायचा होता.

भाचा सोन्याच्या खाणीत धातुतज्ज्ञ आहे. रात्रपाळी संपवून तसाच मला घेऊन निघालाय. त्याच्या बुटांच्या कडांना पांढरा थर चढला आहे. चुना असावा असं मला वाटतं.

"मीठ आहे ते," तो म्हणतो, आणि गाडी कूलगार्डीत शिरते.

रस्ता इतका रुंद आहे की उंटांचा तांडा मधेच वळवून घेता येईल. दोन्ही बाजूंना दगडी, भारदस्त इमारती, आणि माणूस नावाला. 1892 मध्ये इथं सोनं सापडलं आणि पाच-सहा वर्षांत गाव पंधरा हजारांच्या घरात गेलं. आज वस्ती हजाराच्या आत आहे. सोन्यामागं माणसं धावत आली, पण खाली गोडं पाणी नव्हतंच. जे होतं ते खारट. मग ते उकळायचं. लोखंडी टाक्यांत खारं पाणी भरायचं, खाली लाकडं पेटवायची, वाफ पत्र्याच्या लांबलचक नळ्यांतून फिरवून थंड करायची आणि शेवटच्या तोंडाशी थेंब थेंब गोळा करायचे. अशा भट्ट्या इथं जागोजागी धुमसत होत्या.

त्या भट्टीवाल्याचा हिशेब मी मनात मांडून बघते. खारं पाणी जवळजवळ फुकट. सगळा खर्च सरपणाचा. जवळची झाडं आधी संपतात, मग गाडी दर महिन्याला थोडी अधिक लांब जाते आणि भाव चढतो. एखाद्या दुपारी वळीव कोसळला, खडकांतले खळगे भरले, की तोच भाव आपटतो आणि टाक्या, पत्रे, रचलेलं सरपण तसंच पडून राहतं. कोरड्या दिवसांत गॅलनला, म्हणजे साडेचार लिटरला, शिलिंग-दोन शिलिंग पडत. खाणीतल्या मजुराची आठवड्याची कमाई साधारण साडेतीन पौंड, म्हणजे सत्तर शिलिंग. घोडा उन्हाळ्यात दिवसाला आठ गॅलन पाणी सहज पितो. शिलिंगाच्या भावानं आठवड्याला छप्पन्न शिलिंग झाले. म्हणजे माणसाचा जवळपास सगळा पगार एकटा घोडाच पिऊन टाकणार.

उंट इथं आला तो यामुळं. कराचीच्या बंदरातून उंट आणि उंटवाले आले. बलुचिस्तान, सिंध, पंजाब, अफगाणिस्तान अशा सगळ्या मुलखांची माणसं. इथं सगळ्यांना एकच नाव मिळालं, 'अफगाण'. पीठ, अवजारं आणि पाणी त्यांनी वाहिलं. आशियाई माणसाला सोनं खणण्याचा परवाना मिळत नसे. खणणाऱ्याला जगवण्याची मजुरी मात्र मिळे. 1894 मध्ये डंडासजवळच्या एका पाणवठ्यावर भांडण झालं. उंटवाले पाणी बाटवतात अशी तक्रार होती. एका गोऱ्यानं गोळ्या झाडल्या, दोन उंटवाले मेले. खटल्यात तो निर्दोष सुटला.

गावाबाहेरच्या स्मशानात टॅग महोमेटची कबर आहे. शेकडो उंटांचा मालक, फैझ आणि टॅग महोमेट या मोठ्या पेढीतला भाऊ. 1896 मध्ये इथल्या मशिदीत नमाज पढत असताना त्याचा खून झाला. मी थोडा वेळ तिथं थांबते. आजूबाजूला तरण्या पोरांची थडगी आहेत. विषमज्वरानं गेलेली पोरं. घाणेरडं पाणी पिऊन माणसं आजारी पडत, आणि तापानं फणफणलेल्या माणसाला पाजायचं चांगलं पाणी परवडत नसे. काही थडग्यांवर नावदेखील नाही.

भाचा घड्याळ बघतो. मी पुन्हा गाडीत बसते.

कालगुर्लीपर्यंतचे चाळीसेक किलोमीटर नळ आमची सोबत सोडत नाही. वाटेत मी त्याला विचारते, "पाण्यावाचून सोनं धुवायचे तरी कसे?"

"धुवायचेच नाहीत. उफणायचे."

तो दोन्ही हात स्टिअरिंगवरून क्षणभर उचलून दाखवतो आणि मला आमचं खळं दिसतं. एका थाळीतली माती उंचावरून दुसऱ्या थाळीत सोडायची, वाऱ्यानं धूळ उडते, जड सोनं खाली पडतं. धान्य आणि भूस वेगळं करतात तसंच. पण वारा बारीक सोनंही उडवून नेतो, आणि धूळ छातीत जाते. खडकातलं सोनं काढायचं तर यंत्रं हवीत. यंत्रांना बॉयलर हवा, आणि खाऱ्या पाण्यानं बॉयलरच्या नळ्यांत क्षार बसतो, लोखंड सडतं. आगगाडीचंही तेच. 1896 मध्ये रेल्वे इथं पोचली, पण इंजिनालाही गोडंच पाणी लागतं. म्हणजे एकटा खणणारा कसाबसा तगला असता. भांडवल घालून उभी केलेली खाण पाण्यावाचून तगणार नव्हती. नळ आला तो या दुसऱ्या गरजेपोटी, असं मला वाटतं. माणसाच्या तहानेसाठी एवढं कर्ज कुणी काढलं असतं का, याची मला शंका आहे.

कर्ज होतं 25 लाख पौंडांचं. तेव्हाच्या पश्चिम ऑस्ट्रेलिया वसाहतीच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या जवळपास. मुख्य अभियंता सी. वाय. ओकॉनर यानं 1896 मध्ये हिशेब मांडला होता: आठ पंपिंग स्टेशनं, रोज 50 लाख गॅलन, आणि भाव हजार गॅलनना साडेतीन शिलिंग. हजार गॅलनना! भट्टीच्या पाण्याला शिलिंगाचा भाव धरला तर तेवढ्याच पाण्याचे पन्नास पौंड होतात. पावणेतीनशे पटींहून जास्त फरक. लोकांना हे खोटं वाटलं. एवढ्या लांब, एवढ्या चढावर पाणी कधी कुणी नेलं नव्हतं. वर्तमानपत्रांनी त्याच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप केले, चौकशी बसली. 10 मार्च 1902 ला तो घोड्यावरून फ्रीमँटलच्या दक्षिणेच्या किनाऱ्यावर गेला आणि त्यानं स्वतःला गोळी घालून घेतली. साडेदहा महिन्यांनी, 24 जानेवारी 1903 ला, पाणी समारंभानं कालगुर्लीत उतरलं.

ते जिथं उतरलं त्या माउंट शार्लटवर आम्ही उभे आहोत. टेकडी लहानशीच, कुंपणापलीकडे टाकी. खाली हॅनन स्ट्रीट सरळ रेषेत गेलेला दिसतो. गावाला चिकटूनच उघडी खाण आहे. साडेतीन किलोमीटर लांब आणि सहाशे मीटरहून खोल. तिच्या तळाशी घरांएवढी वाहनं मुंगीसारखी चालतात, असं भाचा सांगतो.

"मग फिटलं का कर्ज सोन्यातून?"

"सोन्याचा भर 1903 सालचाच होता मावशी. पाणी आलं आणि पुढच्या वर्षापासून सोनं उतरणीला लागलं."

मी त्याच्याकडं बघतच राहते. सुरुवातीची कित्येक वर्षं क्षमतेएवढं पाणी विकलंही गेलं नाही. पण नळ होता. वाटेतल्या गावांनी त्यातून फाटे घेतले, गव्हाच्या शेतांनी घेतले, मेंढ्यांनी पिलं. सोन्याच्या भरवशावर काढलेल्या कर्जाचं पाणी गव्हाच्या कामी आलं. ओकॉनरच्या हिशेबात हे नव्हतं, त्याच्या विरोधकांच्याही नव्हतं.

आणखी एक गोष्ट कुणाच्याच हिशेबात नव्हती. इथले मूळ लोक खडकातल्या खळग्यांवर दगडी झाकण ठेवून पाणी राखत. एका पावसाचं पाणी पुढच्या पावसापर्यंत जपून पुरवायचं. सोनं शोधणाऱ्यांच्या घोड्याउंटांनी ते खळगे एका मुक्कामात उपसले. डेव्हिड कार्नेगीसारख्या शोधकानं तर 1896 च्या मोहिमेत तिथल्या माणसांना पकडून, बांधून, पाणी दाखवायला लावलं. त्या पाण्याचा भाव कधी लागलाच नाही, म्हणून ते कुठल्या खात्यात दिसत नाही. मला हा सगळ्यात मोठा खर्च वाटतो.

हॅनन स्ट्रीटवर पॅडी हॅननचा पुतळा आहे. 1893 मध्ये इथलं सोनं शोधणारा तो. गावानं त्याच्या हाती सोनं दिलेलं नाही. बसलेल्या हॅननच्या हातात पाण्याची पिशवी आहे, आणि तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी मिळावं अशी घडण आहे. त्या कारागिराला मी मनातल्या मनात नमस्कार करते.

घरी पोचेपर्यंत ऊन टळटळीत झालंय. भाचा पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडतो. खाणीत आजही खडक दळायला जमिनीखालचं खारं पाणीच वापरतात, समुद्राच्या कितीतरी पट खारट. गोडं पाणी त्या कामाला परवडत नाही. तो अंगणातला नळ सोडतो आणि बूट धारेखाली धरतो. पांढरा थर आधी ओला होतो, मग विरघळतो, खालचं काळं कातडं दिसायला लागतं.

"बारीक कर रे," मी म्हणते.

तो वर बघतो, नळ अर्धा फिरवतो, आणि दुसरा बूट पुढं करतो.