पावलांची राखण

मधुमेहाचा विषय निघाला की घरोघरी साखर, भात व इन्सुलिन यांचीच चर्चा होते. पावलांची आठवण क्वचितच कोणास होते. वस्तुतः या विकारात पाय गमावण्याची वेळ येते, ती बहुधा एखाद्या क्षुल्लक जखमेपासून. हे कसे घडते व कसे टाळावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली म्हणजे पायांच्या मज्जातंतूंना अपाय होतो. तळव्यांची आग होते, मुंग्या येतात. सुश्रुतानेही तळहात-तळपायांचा दाह प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत गणला आहे. पुढे पुष्कळांची संवेदनाच लोपते. वेदना हा शरीराचा पहारेकरी. तो निजला म्हणजे चपलेतील खडा दिवसभर बोचला तरी कळत नाही. त्यातच रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असल्यास जखम भरून येत नाही व चिघळते.

आपल्या उपनगरांत असे प्रसंग थोडे नाहीत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा असंख्य माणसे पाण्यातून चालत घरी गेली. एरवीही पावसाळ्यात अंधेरी-घाटकोपरच्या रहिवाशास तुंबलेले पाणी तुडवावे लागते. त्यातील काच वा खिळा बधिर पावलास जाणवत नाही. सिद्धिविनायकास अनवाणी चालत जाणाऱ्या मधुमेही भाविकानेही हे ध्यानी धरावे.

यास्तव वेदनेचे काम डोळ्यांवर सोपवावे. रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवा आरशात पाहावा; दृष्टी मंद असल्यास घरच्यांनी पाहावा. पादत्राण घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. घरातही अनवाणी चालू नये. नखे सरळ कापावीत. कुरूप स्वतः ब्लेडने कापू नये व गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकू नयेत.

जखम झालीच, तर तिच्यावर भार देऊन चालत राहणे हे सर्वांत घातक. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४६ नंतर कुष्ठरोग्यांच्या बधिर पावलांवर उपचार करताना हेच तत्त्व प्रतिपादिले. मधुमेहासही ते लागू पडते. म्हणून डॉक्टर मृत भाग काढतात, जंतुदोषावर औषध देतात, रक्तपुरवठा तपासतात, आणि प्लास्टर वा विशेष पादत्राणाने जखमेवरील भार हलका करतात. लाली, सूज, पू, दुर्गंधी वा काळसरपणा दिसताच त्याच दिवशी घाटकोपरचे राजावाडी, जुहूचे कूपर वा जवळचे कोणतेही रुग्णालय गाठावे. दुखत नाही म्हणून थांबू नये.

जखम नसली तरी वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पावले तपासून घ्यावीत. नायलॉनचा धागा तळव्यास टेकवून संवेदना शाबूत आहे की नाही, हे त्यांस काही क्षणांत सांगता येते.