बोरघाटांतील मुका पहारेकरी

बेगडेवाडीच्या फलाटावर लोकलची वाट पाहत असतां, न थांबतां मुंबईकडे निघून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या आपण नेहमीं पाहतों. लोणावळें सोडल्यावर ह्याच गाड्यांस बोरघाट उतरावा लागतो. तेथें त्यांचें रक्षण कशानें होतें, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस ठाऊक असावें, एवढ्यासाठींच आम्ही हें लिहीत आहों.

बोरघाटाचा लोहमार्ग 1863 सालीं खुला झाला. कांहीं ठिकाणीं तर 37 फूट पुढें जातांच मार्ग 1 फूट उतरतो. घाट चढणें बळाचें काम खरें. पण उतरणें त्याहून जोखमीचें. ब्रेक निकामी झाले, तर शेकडों टनांची गाडी स्वतःच्याच भारानें वेग घेते, आणि मग तिला आवरणें चालकाच्या हातीं राहत नाहीं.

ह्यावर जुन्या अभियंत्यांनीं योजलेला उपाय अगदीं साधा आहे. उतारावर ठिकठिकाणीं मुख्य मार्गापासून एक फांटा काढून तो चढावर नेला आहे. रुळांचे सांधे एरव्हीं ह्या फांट्याकडेच लावलेले असतात. उतरणारी गाडी तेथें पूर्ण थांबली, म्हणजे ती चालकाच्या ताब्यांत आहे हें सिद्ध होतें. मगच सांधे फिरवून तिला खालची वाट देतात. जी थांबत नाहीं, ती आपोआप चढावर जाते. आणि ज्या भारानें ती पळत सुटली, तोच भार तिला मागें ओढून तिचा वेग मोडतो.

1930 सालापर्यंत येथें विजेचीं एंजिनें आलीं. आज मोबाइलवर घरबसल्या तिकीट मिळतें, गाडी कोठें आली तेंही कळतें. ह्या सोयी आम्ही त्याज्य मानीत नाहीं. परंतु त्यांस वीज हवी आणि संदेशही वेळेवर पोहोंचावयास हवा. घाटांतील योजनेचें मर्म निराळें आहे: कोणताही संदेश आला नाहीं, कोणीं सांध्यास हात लावला नाहीं, तरी सुटलेल्या गाडीस मिळते ती बचावाचीच वाट.

म्हणून घाट उतरतांना गाडी मध्येंच थांबली, तर पालकांनीं कुरकुर न करतां त्या थांब्याचें कारण मुलांस सांगावें. आणि विद्यार्थ्यांनीं कोणतीही नवी वस्तु हातीं घेतांना विचारावें, ‘ही बिघडली तर आपलें काय होईल?’ ज्या वस्तूपाशीं ह्या प्रश्नाचें चांगलें उत्तर आहे, ती कितीही जुनी झाली तरी टाकाऊ होत नाहीं.