चाकोरीबाहेरची चाकोरी

रुळलेला रस्ता सोडून आडरानात मोटार घालावी, सरोवराकाठी तंबू ठोकावा आणि चांदण्यांच्या प्रकाशात रात्र काढावी, अशी इच्छा शहरी माणसाला होणे स्वाभाविक आहे. वर्षभर कचेरीच्या घड्याळाला बांधलेल्या माणसाला निसर्गाचा सहवास हवा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच उरतो की, या सहवासाची किंमत कोणी मोजावयाची? अमेरिकेतील ग्लेन कॅन्यनचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

युटा आणि ॲरिझोना या राज्यांच्या सीमेजवळ कोलोरॅडो नदीवर धरण बांधून १९६३ मध्ये पाणी अडविण्यास प्रारंभ झाला. एक रम्य दरी बुडाली आणि पॉवेल सरोवर जन्मास आले. ते प्रथम काठोकाठ भरण्यास १९८० साल उजाडावे लागले. दरम्यान १९७२ मध्ये सरोवर व भोवतालची मिळून सुमारे साडेबारा लाख एकर भूमी राष्ट्रीय विहारक्षेत्र म्हणून घोषित झाली. त्या कायद्याने दोन हेतू सांगितले : जनतेचे मनोरंजन आणि तेथील निसर्गसौंदर्याचे, शास्त्रीय व ऐतिहासिक वैशिष्ट्यांचे जतन. हे दोन्ही हेतू एकाच गाडीला जुंपलेले, पण त्यांची ओढ मात्र नेहमीच एका दिशेने असते असे नाही.

लोन रॉक नावाच्या वालुकामय काठावर मोटार थेट पाण्याजवळ नेऊन मुक्काम करण्याची मुभा प्रवाशांना मिळाली. ओल्या वाळूत चाके रुतून फजिती होते, ती ज्याची त्यालाच निस्तरावी लागते. परंतु काठापासून दूर, वाळवंटात घातलेल्या चाकांचे परिणाम इतके सरळ नसतात. तेथील मातीवर काळपट, खडबडीत असा एक पापुद्रा असतो. वरवर पाहणाऱ्यास तो निर्जीव वाटतो. वस्तुतः तो सूक्ष्म जीवाणू, शेवाळ आणि दगडफूल यांचा जिवंत थर असून त्याच्या तंतूंनीच वाळूचे कण एकत्र बांधून ठेवलेले असतात. चाकाखाली तो क्षणार्धात चिरडला जातो, आणि पुन्हा नीट जमण्यास कित्येक वर्षे, क्वचित अनेक दशकेही लागतात. तोवर मोकळी झालेली माती वारा उचलून नेतो.

ही धूळ जाते कोठे? कोलोरॅडोला मिळणारे बहुतेक पाणी रॉकी पर्वतातील हिमाचे असते, आणि वाळवंटातील धूळ त्याच हिमावर जाऊन पडते. मळलेले हिम अधिक उष्णता शोषते व लवकर वितळते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, या धुळीमुळे नदीचा मुख्य पूर सरासरी तीन आठवडे आधी येतो आणि वार्षिक प्रवाहात सुमारे ५ टक्के घट होते. या धुळीचा सारा दोष मोटारींच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. एकोणिसाव्या शतकापासून चाललेली गुरांची चराई हे तिचे मोठे कारण होय. परंतु आधीच्या जखमेवर नवे घाव घालण्याचे समर्थन त्यामुळे होत नाही. २०२३ च्या प्रारंभी पॉवेल सरोवरात क्षमतेच्या पाव हिस्साही पाणी उरले नव्हते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

शासनाला याची जाणीव नव्हती असे नाही. सार्वजनिक भूमीवर अशी वाहने कोठे चालावीत व कोठे नाही, हे निश्चित करण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७२ मध्येच काढला. १९७७ मध्ये कार्टर यांनी त्यापुढे जाऊन, जेथे गंभीर हानी होत असेल ते क्षेत्र तत्काळ बंद करावे असे फर्मावले. परंतु लक्षावधी एकरांच्या ओसाड मुलखात प्रत्येक चाकामागे पहारेकरी धावू शकत नाही. तेथे नियमाचे खरे रक्षण चालकाच्या विवेकावरच अवलंबून राहते.

चाकोरी सोडणारा प्रत्येक जण आपल्यामागे एक नवी चाकोरी पाडून जातो, आणि मागून येणाऱ्यास तोच रस्ता वाटू लागतो. तंबू उचलल्यावर काठ पूर्ववत दिसतो. चाकाचा माग मात्र तसा बुजत नाही. आखून दिलेल्या वाटेनेच सरोवर गाठल्याने चांदणे काही उणे होत नाही. जे पाणी पाहण्यासाठी माणूस इतक्या दूर येतो, त्याच पाण्याचा ओघ आटविण्यास आपण हातभार लावू नये, एवढे पथ्य पाळणे कोणाही प्रवाशास जड जाऊ नये.